चित्र सुंदर, शीट रिकाम्या: गुण द्यायचे कशाला?

पत्र:

सर, मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. लग्नाआधी सिंधुदुर्गात होते, तिथे मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायची सवय. इथे मागच्या वर्षी केंब्रिजचं आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची परीक्षा) आर्ट अँड डिझाइन सुरू झालं आणि ते माझ्याकडे आलं. आता कोर्सवर्कचे गुण प्रगतिपत्रकात भरायचे आहेत. एका मुलीनं माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीचं, मोठं चित्र केलंय, इतकं देखणं की प्रिन्सिपलनी ते ऑफिसबाहेर टांगलं. पण तिच्या तयारीच्या शीटवर इंटरनेटवरचे फोटो आणि जेमतेम दोन रेखाटनं. दुसऱ्या मुलाचा विषय नरकासुर, दिवाळीला बांधतात तो. त्याचा पुतळा वाकडा झालाय, एक हात लोंबतोय, पण त्याच्या शीट बघत बसावं अशा आहेत. मी मुलीला ८२ दिले, मुलाला ५५. आमच्या क्राफ्टच्या सरांना सहज दाखवलं तर त्यांनी मुलीला ५८ आणि मुलाला ६८ दिले. आमच्यात चूक कोण? त्यात मुलीच्या आईला कुठून तरी ५८चा आकडा कळला आणि त्या भेटायला येणार आहेत. शिवाय तिसऱ्या एका मुलाच्या कामात बाहेरच्या क्लासच्या सरांचा हात मला स्वच्छ दिसतोय, पण बोलायचं कसं? रात्री झोप लागत नाही. सोबत दोघांच्या शीटचे फोटो जोडले आहेत.

उत्तर:

टीचर, आधी झोपेचं बघू. आयजीसीएसईच्या या विषयात (क्रमांक ०४००) कोर्सवर्कला निम्मं वजन आणि बाहेरून येणाऱ्या विषयावरच्या कामाला निम्मं. दोन्ही केंब्रिजचेच परीक्षक तपासतात. तुम्ही प्रगतिपत्रकात भरलेल्या आकड्यावर त्या मुलीचा शेवटचा निकाल ठरणार नाही.

इंग्लंडमधल्या जीसीएसईत मात्र गुण देण्याचं ओझं खरोखर शिक्षकावर असतं. तिथे पोर्टफोलिओला ६० टक्के, बोर्डाने दिलेल्या विषयाला ४०, आणि दोन्ही कामं आधी शाळेतले शिक्षक तपासतात. मग बोर्डाचा मॉडरेटर काही मुलांचं काम नमुन्यादाखल बघतो. शाळेने लावलेला मुलांचा क्रम बरोबर आहे पण हात सढळ किंवा आखडता पडलाय असं दिसलं, तर सगळ्या शाळेचे गुण त्या मानाने खाली-वर करता येतात. क्रमच चुकला असेल तर असं सरसकट काही करता येत नाही, काम पुन्हा तपासायची वेळ येते. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या आणि क्राफ्टच्या सरांच्या आकड्यांत मला खटकलं ते २४ गुणांचं अंतर नाही. तुमचा क्रमच उलटा आहे. तुमच्या मते मुलगी पुढे, त्यांच्या मते मुलगा. माझ्या मते सर बरोबर आहेत, आणि तरीही मुलीला त्यांनी दिलेले ५८ जास्त आहेत.

आता तुम्ही म्हणाल, निकाल त्यावर ठरत नाही तर एवढा खल कशाला? कारण मुलं तो आकडा वाचून पुढचं काम करतात. ८२ वाचलेली मुलगी पुढच्या सहा महिन्यांत काय करेल? काहीही नाही. तिचं झालंच आहे ना! आणि ५५ वाचलेला मुलगा वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जाऊन रेखाटनं करणं सोडेल आणि एक 'छान' चित्र कुठून तरी उतरवून आणेल. म्हणजे जो ज्या गोष्टीत कच्चा, तीच गोष्ट सोडून द्यायला, आणि जो ज्यात पक्का, तीही सोडून द्यायला तुमच्या आकड्यांनी सांगितलं.

तुमच्या शीटचे फोटो मी बारकाईने पाहिले. फोटोवरून गुण देऊ नयेत हे मीच शिकवतो, तेव्हा पुढचे आकडे नमुना म्हणून घ्या. अभ्यासक्रमात चार उद्दिष्टं आहेत आणि चौघांना सारखंच वजन, प्रत्येकी २५. पहिलं नोंदीचं: मुलाने काय पाहिलं, काय टिपलं. दुसरं साधनं आणि पद्धती करून बघण्याचं आणि त्यातून निवडण्याचं. तिसरं कल्पना वाढवत नेण्याचं, तेही समजून-उमजून. चौथं मांडणीचं: शेवटी जे उभं राहिलं ते त्या मुलाचं स्वतःचं आहे का आणि आधीच्या कामाशी जुळतं का.

पहिली मुलगी घेऊ. दोन रेखाटनं, एक नारळाच्या पेंडीचं, एक केळीच्या घडाचं. दोन्ही चांगली, हात तयार आहे हे पहिल्या रेघेत कळतं. पण बाकी सगळे इंटरनेटवरचे रंगीत प्रिंट, आणि त्यांच्या कडेने सोनेरी पेनाची वेलबुट्टी. फोंडा तालुक्यात राहणारी मुलगी! चवथीच्या आधी बाजारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माटोळीचं सामान मांडलेलं असतं, रानातून आणलेली कांगलां, तोरिंगं, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस. तिने त्यातलं एकही बसून काढलं नाही. माटोळीची लाकडी चौकट कशी टांगतात, गाठ कशी मारतात, भार कुठे येतो, याचं एकही रेखाटन नाही. नोंदीला मी ९ देईन. साधनांच्या बाबतीत पोस्टर कलर सोडून काही नाही, पण रंग मिसळण्याच्या दोन पट्ट्या आहेत आणि हिरव्याच्या छटा खरंच शोधलेल्या आहेत, म्हणून १०. कल्पना वाढवण्याच्या जागी एकच वाक्य आहे, 'मला निसर्ग आवडतो.' इथे ७.

मांडणीपाशी मी थांबलो, कारण बहुतेक शिक्षक इथेच घसरतात. त्यांना वाटतं, चौथं उद्दिष्ट म्हणजे शेवटच्या चित्राचे गुण, तेव्हा चित्र सुंदर तर २५पैकी २३. पण तिथे दोन अटी आहेत, काम स्वतःचं हवं आणि सुसंगत हवं. आधीच्या शीटवर ज्याची चाहूलही नाही असं चित्र अचानक उगवलं, तर ते सुसंगत कसं म्हणायचं? रंगांवरची पकड, रचना, मोकळी जागा सोडण्याचं भान, हे सगळं मान्य करून मी १७ देईन. झाले ४३.

आता मुलगा. वाड्यावरची पोरं नरकासुर बांधत असताना हा रोज संध्याकाळी तिथे बसलेला दिसतोय. बांबू कुठे आडवा घातला, गवत कसं कोंबलं, खांद्याशी तार कशी पिळली, सगळं पेन्सिलीत आहे. रेषा सफाईदार नाहीत, काही ठिकाणी तर हातापेक्षा पंजा मोठा झालाय, पण त्याने बघून काढलंय यात शंका नाही. नोंदीला १९. साधनांच्या शीटवर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेत, एक थर, तीन थर, पाच थर, आणि शेजारी लिहिलंय की पाच थर पावसाळी हवेत वाळतच नाहीत म्हणून तीन घेतले. टीचर, या ओळीला गुण आहेत. त्याने करून बघितलं, आणि निवडलं. नुसते दहा तुकडे चिकटवले असते आणि निवड केली नसती तर मी निम्मेही दिले नसते. इथे १८.

तिसऱ्या उद्दिष्टाला त्याने फ्रान्सिस न्यूटन सूझा घेतलाय. बहुतेक मुलं चित्रकार 'घेतात' म्हणजे काय करतात? '१९२४ साली साळगावात जन्म' असं इंटरनेटवरून उतरवतात, एक फोटो लावतात, आणि पुढच्या पानावर दुसरंच काही सुरू. या मुलाने जन्मसाल लिहिलेलंच नाही. सूझाच्या डोक्यांमध्ये डोळे कपाळात चढवलेले असतात, ते त्याने पाहिलं, आपल्या नरकासुराचे डोळे तीन जागी लावून पाहिले, आणि वरच्या जागी लावल्यावर चेहरा जास्त क्रूर होतो असं ठरवलं. चित्रकाराचा अभ्यास म्हणजे हे. १८. पुतळा मात्र उभा राहत नाही. कणा बारीक तारेचा, वजन पुढे, हात गळणारच. का गळला हे त्याने शेवटच्या शीटवर लिहून ठेवलंय, पण त्याचे गुण आधीच्या रकान्यात येऊन गेले, चौथ्या रकान्यात पुतळाच बघायचा. तिथे १२. एकूण ६७.

पण याची उलटी बाजूही ध्यानात ठेवा. एकदा हे कळलं की काही शिक्षक मळकट शीटच्या प्रेमात पडतात. कागद जितका चुरगळलेला, तितकी मेहनत खरी! तसं नसतं. केंब्रिजला कोर्सवर्कच्या पोर्टफोलिओसाठी जास्तीत जास्त चार ए-२ शीट चालतात, दोन्ही बाजू धरून आठ पानं. तुमच्या नरकासुरवाल्याकडे तीन वह्या भरलेल्या असतील, पण त्या सगळ्या जाणार नाहीत. कोणतं रेखाटन ठेवायचं, कोणतं काढायचं, हे ठरवणं हेही त्याच्या कामातच येतं. आणि कडेचं सोनेरी नक्षीकाम, फ्रेमवाल्याकडून कापून आणलेले माउंट, मथळ्याची छापील अक्षरं, यांना चारही उद्दिष्टांत जागा नाही. शुद्धलेखनालाही नाही. रंगाच्या डागाशेजारी मोडक्यातोडक्या दोन ओळी असल्या तरी पुरे, त्या ओळींतून निर्णय दिसला पाहिजे.

तुमची नजर थेट शेवटच्या चित्रावर का जाते, हे तुमच्या पत्रातच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मूल एका बैठकीत एक पेपर देतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. वेळ संपली की कागद जमा, आणि जे कागदावर आहे तेच तपासायचं. मूल तिथे कसं पोचलं, घरी किती वेळा काढून आलं, याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नाही. ती परीक्षा मी कमी लेखत नाही, हात बसायला तिच्यासारखं काही नाही आणि तुमच्या त्या माटोळीवाल्या मुलीच्या दोन रेखाटनांत ते संस्कार दिसतात. पण त्या परीक्षेची एक फार चांगली सवय तुम्ही इकडे आणायची विसरलात. तिथे परीक्षकासमोर मुलाचं नाव नसतं.

तुम्ही तपासलंत तेव्हा प्रत्येक शीटमागे तो चेहरा होता. ही हुशार, हिचं चित्र ऑफिसबाहेर आहे. हा उशिरा येतो, याचे हात नेहमी खळीचे. गुण त्या चेहऱ्यांना गेले. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये सगळं काम जमिनीवर मांडा. शीटच्या मागची नावं झाका, कोपऱ्यात नुसता क्रमांक ठेवा. अक्षर ओळखू येईलच, त्याला इलाज नाही, पण निम्मं काम होतं. मग पेन खिशातच ठेवून फक्त नोंदीसाठी सगळ्या मुलांच्या शीट बघत फिरा, आणि त्या एका उद्दिष्टाचा क्रम लावा. दुसऱ्या फेरीत साधनं, तिसऱ्या फेरीत कल्पना. एका मुलाचे चारही रकाने एका दमात भरले की पहिल्या रकान्याचा रंग उरलेल्या तिघांना लागतो. ज्याला नोंदीला २० दिले त्याला बाकीच्यात १२ द्यायला हात धजत नाही. माझ्या उदाहरणातल्या मुलीला ७ आणि १७ एकाच कामात मिळालेत, ते असे फेऱ्या मारल्याशिवाय जमत नाही.

क्रम लावताना अडलं तर दोन-दोन कामं शेजारी ठेवून एवढंच विचारा, यातलं या उद्दिष्टात पुढे कोणतं? लुई थर्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ सालीच मांडलं होतं की अशा जोड्यांच्या तुलनेतून मोजमापाची पट्टी तयार करता येते. माणसाला 'याला शंभरात किती' हे नीट सांगता येत नाही, पण 'दोघांत कोण पुढे' हे बऱ्यापैकी सांगता येतं. चौदा-पंधरा मुलांच्या वर्गाला तर ही रीत अगदी सोयीची आहे. क्रम लागला की मगच गुणांच्या पायऱ्यांचा तक्ता हातात घ्या आणि आकडे द्या.

तक्त्याबद्दल एक गोष्ट. इंग्लंडमधल्या एक्यूए बोर्डाची पद्धत मला आवडते. त्यांच्याकडे प्रत्येक उद्दिष्टाला २४ गुण, सहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीत चार गुण. आधी काम कोणत्या पायरीवर बसतं ते ठरवायचं, आणि मग त्या पायरीच्या आत विचारायचं, जेमतेम बसतं, पुरेसं बसतं, स्पष्ट बसतं, की निर्विवाद बसतं? तुमच्यासाठी उपयोग असा की या चार शब्दांनी आपण आकड्याचं कारण देऊ शकतो. '१७ का, १८ का नाही' असं विचारलं तर बहुतेक शिक्षकांकडे उत्तर नसतं. शब्द आधी आला तर उत्तर आपोआप तयार असतं. पायरी ठरवताना तक्त्यातलं प्रत्येक वाक्य तंतोतंत जुळायची वाट बघू नका, जास्तीत जास्त जुळेल ती पायरी धरा.

आणि पट्टी पूर्ण वापरा. आपल्याकडे चित्रकलेला ६० ते ७५च्या मध्ये सगळ्यांना बसवायची खोड आहे. कुणी नाराज नको, कुणी डोक्यावर नको. तुम्ही आकडे फारसे दाबलेले नाहीत, ८२ आणि ५५ बऱ्यापैकी लांब आहेत, पण ७ गुण द्यायला तुमचा हात थरथरेल हे मला पत्रावरूनच दिसतंय. रिकाम्या पानाला ७ देणं हा अपमान नाही. तिथे १५ दिले तर भरलेल्या पानाला काय द्यायचं?

क्राफ्टच्या सरांना सोबत घ्या, पण सहज चहाच्या वेळी दाखवून नव्हे. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत, एकमेकांचे आकडे न बघता तपासायचं, मग समोरासमोर बसायचं. एका उद्दिष्टात तीनहून जास्त गुणांचा फरक आला तेवढ्यावरच बोलायचं, बाकी सोडून द्यायचं. बोलताना बोट शीटवर ठेवून बोलायचं. 'मला वाटतं' आलं की समोरच्याने विचारायचं, कुठे दिसतं? दोघांची सरासरी काढून मोकळं होण्याचा मोह होईल. तसं करू नका. एकाने पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या नजरेतून सुटली असेल, तर सरासरीत ती अर्धीच पाहिल्यासारखी होते. पहिल्या खेपेला भांडणं होतात, होऊ द्या. दोन-तीन सत्रांनंतर दोघांची नजर जवळ येते.

आता आई येणार आहेत. त्यांना क्राफ्टच्या सरांचा आकडा कसा कळला ते शोधत बसू नका, छोट्या शाळेत भिंतींना कान असतात. त्यांच्यासमोर दुसऱ्या मुलाचं नाव, काम, गुण काही काढू नका, त्यांनी काढलं तरी नाही. मुलीच्या शीट टेबलावर पसरा आणि चार रकाने दाखवा. त्या म्हणतील, प्रिन्सिपलनी चित्र लावलंय ना? हो, लावलंय, कारण ते सुंदर आहे, आणि मांडणीत तिला सगळ्यात जास्त गुण आहेत. मग विचारतील, तरी बाकी कमी का? गणिताच्या पेपरात नुसतं बरोबर उत्तर लिहिलं आणि मधल्या पायऱ्या गाळल्या तर पूर्ण गुण मिळत नाहीत, हे आपल्याकडच्या प्रत्येक पालकाला पाठ असतं. एवढं सांगितलंत तरी पुष्कळ. आणि मुख्य म्हणजे, परीक्षेला अजून वेळ आहे आणि तिने काय करायचं याचा कागद त्यांच्या हातात द्या. पालकांचा राग नव्वद टक्के वेळा 'आता काय' याचं उत्तर न मिळाल्याचा असतो.

तिसऱ्या मुलाचं काम जरा वेगळं हाताळावं लागेल. तुम्हाला 'हात दिसतो' हे खरं असेल, चित्रकलेच्या शिक्षकाला रेषेवरून माणूस कळतो. पण संशयावर गुपचूप दहा गुण कापणं हे दोन्हीकडून वाईट. तो निर्दोष असेल तर अन्याय, आणि दोषी असेल तर त्याला कळतच नाही कशासाठी कापले. आधी वर्गात त्याला त्याच विषयावर अर्धा तास काढायला लावा, सगळ्या वर्गासोबत, त्याला एकट्याला नाही. मग शीटसमोर बसवून विचारा, हा भाग आधी केलास की तो? इथे हा रंग का? ज्याने केलंय तो मुलगा अडखळत का होईना सांगतो, कधी कधी नको इतकं सांगतो. ज्याने केलेलं नाही तो 'सरांनी सांगितलं म्हणून' म्हणतो. नेमकं काय विचारलंत आणि काय उत्तर मिळालं ते तारखेसह लिहून ठेवा आणि प्रिन्सिपलना दाखवा. काम मुलाचंच आहे याची जबाबदारी शेवटी शाळा घेते, तेव्हा तुमच्या एकटीच्या खांद्यावर हे ठेवू नका. बाहेरच्या क्लासला जाणं गुन्हा नाही. पण जे दुसऱ्याने केलं त्याला गुण नाहीत, आणि जे दुसऱ्याकडून घेतलं ते तिथेच नमूद करायला हवं. एआयने बनवलेल्या चित्रांनाही हेच लागू, उगम लिहा आणि मग त्यातून तू स्वतः काय केलंस ते दाखव.

त्या मुलाच्या घरच्यांना एक व्यावहारिक गोष्टही सांगा. बाहेरून विषय येणाऱ्या दुसऱ्या भागात शेवटचं काम देखरेखीखाली एकूण आठ तासांत करायचं असतं, सोबत फक्त आधी केलेल्या तयारीच्या शीट. क्लासचे सर तिथे नसतील. कोर्सवर्कमध्ये ८० आणि आठ तासांच्या कामात ३५ अशी दरी कुणाच्याही नजरेत भरते.

माटोळीवालीला काय सांगाल? एक गोष्ट नक्की सांगू नका: 'आता मागची तयारी भरून काढ.' बऱ्याच शाळांत हे सर्रास चालतं. शेवटचं चित्र आधी होतं आणि मग मुलं त्याची 'आधीची' रेखाटनं करायला बसतात. ती ओळखू येतात. त्यांच्यात एकही चूक नसते, एकही वाट सोडून दिलेली नसते, प्रत्येक रेखाटन थेट शेवटच्या चित्राकडे बोट दाखवतं. शोधणाऱ्या माणसाचं पान असं कधीच दिसत नाही. शिवाय ती लबाडी आहे, आणि ती तुम्ही शिकवलेली असेल.

त्यापेक्षा ते टांगलेलं चित्र हा शेवट मानूच नका. ती त्याला पहिली पायरी धरून पुढे जाऊ शकते. चवथीच्या बाजारात तिला दोन सकाळी बसवा, वही आणि पेन्सिल एवढंच घेऊन, फोन पिशवीत. तिच्याकडे हात आहे, तिला फक्त बघायला लावायचंय. कांगलांची साल, सुपारीच्या घोसाचा भार, दोरीचे पीळ. घरची माटोळी बांधणाऱ्या आजोबांना किंवा काकांना बांधताना रेखाटायला सांगा. मग साधनं बदला: कोळसा, कापलेल्या भाजीचे ठसे, कापडावर रंग. माटोळी ही मुळात डोक्यावर टांगलेली वस्तू आहे, भिंतीवरच्या सपाट चित्रात तिचा निम्मा जीव जातो, हे त्या मुलीच्या आपोआप लक्षात येईल. तिने शेवटी काहीतरी टांगतं केलं, कापडाचं, कागदाचं, तर मला आश्चर्य वाटणार नाही. चित्रकार शोधताना तिला दूर जायला लावू नका. देवळांच्या भिंतींवरची तांबड्या मातीची कावी कला बघायला न्या. त्यातली पानंफुलं चुन्याच्या गिलाव्यात कोरून काढलेली असतात, आणि भर देणं आणि मोकळं सोडणं यांचा तोल तिथे शिकण्यासारखा आहे.

नरकासुरवाल्याला एकच काम द्या: कणा जाड तारेचा करून पुतळा पुन्हा उभा कर. बाकी त्याला मोकळं सोडा. सूझावर अजून लिही वगैरे सांगून त्याचा वेळ घालवू नका.

प्रगतिपत्रकात आधीचे आकडे गेले नसतील तर बदला. गेले असतील तर प्रिन्सिपलना विचारून दुरुस्तीचं पान जोडा. पण मुलांच्या हातात नुसता एकूण आकडा देऊ नका. मुलीला ८२चे एकदम ४३ झालेले दिसले तर ती रंग उचलणार नाही. चार रकाने, प्रत्येकापुढे एक ओळ, आणि ओळ कामाबद्दल, मुलीबद्दल नाही. 'नोंद ९: दोन रेखाटनं सकस, पण बाकी सगळं दुसऱ्यांच्या फोटोंतून. बाजारात बसून निदान दहा कर.' एवढं पुरे. 'मेहनत हवी', 'छान प्रयत्न' असलं काही लिहू नका, त्यातून कुणालाच काही करता येत नाही.

आणि हे सगळं जपायला हवं, तर पावसाळ्याचं बघा. आपल्याकडे जूनपासून कागद ओला राहतो, ऑइल पेस्टलवर आणि खळीवर बुरशी धरते. शीट गुंडाळून प्लॅस्टिकात घालू नका, आडव्या ठेवा आणि मध्ये कोरा कागद घाला. खळीचे तुकडे असलेली शीट वेगळी. प्रत्येक टप्प्याला तारीख घालून फोटो काढा, दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय. मुलाच्या प्रयोगाचा तुकडा बुरशीने गेला तरी तो होता याचा पुरावा राहतो, आणि पुढच्या वर्षी क्राफ्टच्या सरांबरोबर तपासायला बसाल तेव्हा यंदाच्या कामांचे फोटो पट्टी म्हणून समोर ठेवता येतील.